गल्लीच्या प्रश्नाला पैसे कोण देणार?

गणपती गेले, पितृपक्ष लागला, की इंदूरच्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. कोणाच्या तरी प्लेटलेट किती हजारांवर उतरल्या, आणि नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, धुराची गाडी आपल्या गल्लीत का फिरकली नाही. परवा आमच्या मंडळात व्याख्यानानंतरच्या चहाला तिसरा विषय निघाला. डासांवर स्थानिक पातळीवर संशोधन करू पाहणाऱ्या कॉलेजातल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, आरोग्य कर्मचाऱ्यांना लाख-दीड लाखाची छोटी अनुदाने द्यावीत का? बोलता बोलता दोन तट पडले. एक तट म्हणे, लोक तापाने फणफणताहेत आणि तुम्हाला निबंध लिहायला पैसे हवेत. त्या पैशांत फवारणीची यंत्रे घ्या. दुसरा तट म्हणे, तरुणांच्या कल्पकतेला वाव द्या, त्यातून एखादे यंत्र निघेल, एखादे ॲप निघेल, इंदूरचे नाव होईल. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले आहे. दोघांचे ऐकताना मला वाटत राहिले, की ज्या वस्तूवरून वाद चालला आहे ती वस्तू दोघांनीही नीट पाहिलेली नाही. छोट्या अनुदानातून सहसा यंत्र निघत नाही आणि कीर्तीही हाती लागत नाही. हाती लागते ती एका ठिकाणची, एका ऋतूतली, तपासून घेतलेली माहिती. डासांच्या बाबतीत नेमकी तीच आपल्याकडे नाही. म्हणून अशी अनुदाने द्यायलाच हवीत असे माझे ठाम मत आहे. मात्र आज ती ज्या रीतीने मागितली आणि दिली जातात, ती रीत बदलून.

आधी डासाकडेच पाहू. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो, माणसाच्या घराला धरून राहतो आणि बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या परिसरातच जगतो आणि मरतो. मादी पाण्याच्या भांड्याच्या ओलसर कडेला अंडी घालते. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. तिथून आठवडा-दहा दिवसांत डास तयार. शहरी हिवतापाचा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी छतावरच्या टाक्या आणि विहिरी पसंत करतो, तर क्युलेक्सला गटाराचे घाण पाणी मानवते. आता आपले शहर पाहा. नर्मदेचे पाणी १९७८ पासून सुमारे सत्तर किलोमीटरवरून उचलून आणले जाते आणि कित्येक वस्त्यांना ते एक दिवसाआड मिळते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हौद असणारच, छतावर टाकी असणारच, न्हाणीघरात पिंप असणारच. त्यात उन्हाळ्याचे कूलर, पक्ष्यांसाठी गच्चीवर ठेवलेले सकोरे, फ्रीजच्या मागचा ट्रे. यांपैकी नेमक्या कोणत्या भांड्यातून सर्वांत जास्त डास उडून बाहेर पडतात? मल्हारगंजातल्या जुन्या वाड्यात आणि सुदामा नगरच्या बंगलीत उत्तर एकच येईल का? जूनमध्ये जे उत्तर येईल ते सप्टेंबरात टिकेल का?

हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण सगळे नियंत्रण त्यांच्यावर उभे आहे. आपल्याकडची सर्वेक्षणे बहुधा अळी सापडली की नाही एवढेच नोंदवतात. त्या हिशेबात दोन अळ्या असलेली करवंटी आणि शेकडो अळ्या वळवळणारा हौद यांची किंमत सारखीच होते. अळ्यांपैकी पुष्कळ मरतात, अळीनंतरच्या अवस्थेतले कोष मात्र बहुतेक डास होऊनच बाहेर पडतात. म्हणून जाणती माणसे कोष मोजतात. तसे मोजल्यावर अनेक देशांत आढळले आहे, की बहुतांश कोष थोड्याच प्रकारच्या भांड्यांतून येतात. ती थोडी भांडी कोणती, हे मात्र गावागणिक बदलते. ते जागेवर जाऊनच मोजावे लागते आणि ते मोजायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

काही वर्षांपूर्वी माझ्या बी.एस्सी.च्या मुली टॉर्च, ड्रॉपर आणि पांढरी वाटी घेऊन कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरल्या होत्या. प्रात्यक्षिकाचाच भाग होता तो. परत आल्यावर एकीने विचारले, "मॅडम, कूलर तर पाऊस पडला की बंद होतात. मग ऑगस्टातल्या डासांचा ठपका सगळे कूलरवर का ठेवतात? की बंद केल्यावर त्यातले पाणी कोणी काढतच नाही?" तीस वर्षांत मला विद्यार्थ्यांकडून आलेल्या उत्तम प्रश्नांपैकी तो एक होता. त्याचे उत्तर शोधायला एक पूर्ण ऋतू, दोन मदतनिसांचे मानधन आणि रिक्षाभाडे एवढेच लागणार होते. आम्ही एका संस्थेकडे अर्ज केला. अर्जाला वीसेक पाने होती. त्यात प्रकल्पाचे राष्ट्रीय महत्त्व विचारले होते, पेटंटची शक्यता विचारली होती, प्रत्येक वस्तूची तीन कोटेशने मागितली होती. आम्ही डावाची तीन कोटेशने जोडली, हो, पाणी काढायच्या डावाची. उत्तर आले तोवर ती मुलगी पदवी घेऊन नोकरीला लागली होती. नकाराचे कारण होते, "नावीन्याचा अभाव". तिचा प्रश्न अजून तसाच पडून आहे आणि दर ऑगस्टात मला तो आठवतो.

छोट्या अनुदानांविरुद्धचा पहिला बळकट आक्षेप असा, की त्यातून झालेली कामे तुकड्या-तुकड्यांची असतात. पन्नास घरे पाहिली, एक आलेख काढला, संपले. अशी दहा कामे एकत्र केली तरी एक भक्कम चाचणी होत नाही. हे मला मान्य आहे. डेंगीच्या बाबतीत अलीकडची सर्वांत ठोस बातमी इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरातून आली, ती मोठ्या, काटेकोर चाचणीतून. वोल्बाखिया हा जिवाणू अंगात असलेले एडिस डास तिथे सोडले गेले आणि डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने डीईपीए हे डासांना दूर ठेवणारे रसायन विकसित केले. तेही एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत लाखभर रुपयांत झाले नसते. मोठ्या कामाला मोठाच पैसा लागतो.

पण मोठी चाचणी सांगते ती सरासरी. एखादा उपाय एकूणात चालतो का, हे तिला कळते. आपल्या वॉर्डात तो कुठून सुरू करायचा, हे तिला विचारूनही कळत नाही. आणि मोठी चाचणी आकाशातून पडत नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीचा माग लागला, तेव्हा त्याच्यामागे कोणती प्रचंड योजना उभी होती? एक सूक्ष्मदर्शक होता, आणि दर डासाच्या चाव्यामागे एक आणा घेऊन हात पुढे करणारा हुसेन खान नावाचा रुग्ण होता. महिनाभरात सरकारने रॉसची बदली खेरवाड्याला केली, जिथे त्याला कामापुरता हिवताप मिळेना. पुढचे काम त्याने १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर पुरे केले. आण्यांत मोजावा असा तो खर्च होता. मग तुकडेपणाचे काय? त्याला औषध आहे. प्रत्येकाने आपापल्या मनाने मोजले तर तुकडेच राहतात. सर्वांनी एकाच तक्त्यावर, एकाच पद्धतीने मोजले आणि कच्च्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, तर वीस वॉर्डांची वीस छोटी कामे मिळून शहराचा नकाशा होतो. दोष रकमेच्या लहानपणात नाही. देणाऱ्याने तक्ता एक ठेवला नाही, हा दोष आहे.

दुसरा आक्षेप पैशाच्या गैरवापराचा. अनुदाने म्हणजे खिरापत, त्यातून बढतीसाठी लागणारे शोधनिबंध निघतात, अहवाल कपाटात जातात. यातही खोटे काही नाही. असे अहवाल मी पाहिले आहेत, त्यांच्या बांधणीवर कामापेक्षा जास्त खर्च झालेला पाहिला आहे. पण मग हाच निकष धुराच्या गाडीलाही लावू या. धूर फक्त उडत्या डासाला लागतो, तोही अंगाला भिडला तर. पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना तो शिवतही नाही. एडिस घरात, पलंगाखाली, पडद्यामागे बसलेला असतो, आणि गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो. डेंगीच्या डासांवरील उपायांचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. धूरफवारणीने डेंगीचे रुग्ण कमी होतात हे दाखवणारा, नीट आखलेल्या चाचण्यांतला पुरावा त्यात सापडला नाही. साथ भडकल्यावर तातडीचा उपाय म्हणून धुराला जागा असेलही. पण वर्षानुवर्षे त्यावर होणाऱ्या खर्चाचे फलित कोणी मागितले आहे का? लाख रुपये मागणाऱ्या मुलीकडून आपण उपयोगिता प्रमाणपत्र मागतो, तपशीलवार अहवाल मागतो, आणि डिझेलच्या टाक्या रिकाम्या करणाऱ्या गाडीकडून फक्त एवढीच अपेक्षा ठेवतो की ती आवाज करत आपल्या दारावरून जावी. हिशेब मागायचाच तर दोघांकडून मागा. त्या मुलीच्या कामातून निदान गाडीचा हिशेब तरी लागेल.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो घेणारी माणसे मला सर्वांत जवळची वाटतात. ती म्हणतात, यात शोधायचे काय उरले आहे? साचलेले पाणी काढा, टाक्या झाका, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हौदात गप्पी मासे सोडा. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. माहिती असताना न करणे हा आळस, त्यावर संशोधन कसले?

"आपल्याला सगळे कळले आहे" या वाक्याची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटी या कीटकनाशकाने असा चमत्कार केला, की १९५८ साली नियंत्रणाचे नाव बदलून निर्मूलन ठेवले गेले. १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखभरावर आले. लढाई जिंकली असे सर्वांना वाटले. संशोधन मागे पडले, कीटकशास्त्र शिकायला कोणी उरेना. १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, पुरवठा अपुरा होता, शहरांतल्या डासाकडे लक्षच उशिरा गेले. १९८३ साली हिवतापाचे संशोधक डॉ. व्ही. पी. शर्मांच्या पुढाकाराने गुजरातमधल्या नडियाद तालुक्यात काम सुरू झाले तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीपासून, मोजक्या गावांत, कोणत्या खड्ड्यात आणि कोणत्या टाकीत डास वाढतात हे शोधत जावे लागले. गप्पी माशांचा उपाय आज सर्वांच्या तोंडी आहे, त्यामागे अशा गावोगावच्या कामाचे कष्ट आहेत.

शिवाय उपाय माहीत असणे आणि तो माणसांच्या हातून घडणे यांत मोठे अंतर असते, आणि त्या अंतराचाही अभ्यास करावा लागतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा मीठ-साखरेच्या पाण्याचे शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: सलाईन संपले असताना ते पाणी रुग्णाच्या आईने, भावाने पाजले तर चालेल का? चालले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. आपला प्रश्न त्याच जातीचा आहे. ज्या घरात एक दिवसाआड पाणी येते त्या घरातल्या बाईला "पाणी साठवू नका" असे सांगणे म्हणजे तिला घर चालवू नका असे सांगणे आहे. तिचा हौद आठवड्याला का रिकामा होत नाही? झाकण जड आहे म्हणून? गुडघे दुखतात म्हणून? खालचे भाडेकरू आणि वरचे मालक यांत हौद कोणाचा हे ठरत नाही म्हणून? निकाराग्वा आणि मेक्सिकोत हेच करून पाहिले गेले. वस्तीतल्या लोकांनी आपल्याच घरांतली माहिती पाहिली, आपणच उपाय ठरवले, सरकारी कार्यक्रमाच्या जोडीला रसायनाविना ते राबवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मुलांमधला डेंगीच्या संसर्गाचा धोका जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसला. ज्याला आपण आळस म्हणतो त्यात इतके काही शोधण्यासारखे होते.

आणि इंदूरला हे परके नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आले होते, त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. प्लेगचे दिवस होते. गेडीसनी दिवाळीत एक मिरवणूक काढली, तीत घाणीचे राक्षस होते, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. पण मला त्यातले कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही, ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून सज्ज असतील त्या रस्त्याने जाईल, असे त्यांनी जाहीर केले. गावभर साफसफाईची धांदल उडाली. आधी गल्लीबोळ पायी हिंडून पाहिल्याशिवाय हे कोणाला सुचले असते? २०१७ पासून वर्षानुवर्षे आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो. तो अभिमान मलाही आहे. मात्र एडिसला घाण लागत नाही. त्याला आपल्या स्वच्छ हौदातले स्वच्छ नर्मदेचे पाणीच लागते. कचऱ्याची गाडी जिथे पोहोचली तिथे हा प्रश्न सुटला असे मानणे धोक्याचे आहे.

मग आज पैसे आहेत कुठे? देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या योजनांत "छोटे अनुदान" म्हणजे दोन कोटी रुपयांपर्यंतचे, तेही मान्यताप्राप्त संस्थेत कायम नोकरी असलेल्याला. जैवतंत्रज्ञानाच्या 'बिग' योजनेत पन्नास लाखांपर्यंत मिळतात, विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या 'प्रयास'मध्ये दहा लाखांपर्यंत. दोन्ही ठिकाणी हातात धरता येईल असे काही बनवून दाखवावे लागते. या योजना वाईट नाहीत. पण हौदातले कोष मोजणाऱ्या मलेरिया निरीक्षकाला, आशा कार्यकर्तीला, प्राणिशास्त्राच्या शिक्षिकेला त्यांत कुठे जागा आहे? वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मात्र परिषदेनेच १९७९ पासून दोन महिन्यांच्या अभ्यासाची एक शिष्यवृत्ती चालवली आहे, आणि कित्येक डॉक्टरांना संशोधनाची पहिली चव तिथेच मिळाली. तसेच काही पायाने हिंडणाऱ्यांसाठी का असू नये? अर्ज लांबलचक असला म्हणजे काम कसून होते, हाही भ्रमच आहे. गेट्स फाउंडेशनने २००८ साली एक लाख डॉलरची अनुदाने सुरू केली तेव्हा अर्ज दोनच पानांचा ठेवला होता. एक लाख डॉलरला दोन पाने पुरतात, तर एक लाख रुपयांना वीस कशाला?

जे अर्ज करतात त्यांनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत, कारण दोष एकाच बाजूचा नाही. परीक्षक म्हणून मी जे अर्ज वाचले त्यांतले निम्मे "डासनियंत्रणाचा सर्वंकष अभ्यास" अशा नावाने सुरू होत. सर्वंकष अभ्यास लाख रुपयांत होत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असते. "आमच्या वॉर्डात सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त कोष हौदांतून येतात की बंद कूलरमधून?" हा प्रश्न आहे, आणि उत्तर काहीही आले तरी निगमच्या माणसाला उद्या सकाळी कुठे जायचे ते कळते. खर्चाच्या रकान्यात लॅपटॉप लिहू नका. मदतनिसाची रोजी लिहा, आणि ती पुरेशी लिहा. घराघरांत शिरून हौदाचे झाकण उचलणाऱ्या बाईच्या श्रमावर आपले अर्धे सार्वजनिक आरोग्य फुकटात किंवा तुटपुंज्या मोबदल्यावर चालते, निदान संशोधनात तरी ते होऊ नये. आणि अळी सापडली तर नोंद करून पुढे जायचे नाही. त्या घराला तिथल्या तिथे सांगायचे, दाखवायचे, आधी कोष मोजून मग पाणी ओतून द्यायचे. आकडे नीटस राहावेत म्हणून घरात डास वाढू देणारा अभ्यास नैतिक समितीने परवानगी दिली तरी करू नये.

देणाऱ्यांकडे माझे मागणे थोडे आहे. शहरातल्या कॉलेजांनी, निगमने, एखाद्या रोटरी क्लबने किंवा आमच्यासारख्या मंडळांनी मिळून वर्षाला दहा-पंधरा अनुदाने द्यावीत. अर्ज मराठीत, हिंदीत, इंग्रजीत चालावा. तो फेब्रुवारीत घ्यावा आणि एप्रिलपर्यंत निकाल द्यावा, कारण डास आर्थिक वर्षाच्या हप्त्यांसाठी थांबत नाहीत. ऑक्टोबरात मंजूर झालेले पावसाळ्याचे काम पुढच्या वर्षावरच जाते. मोजणीचा तक्ता सर्वांना एकच असावा. आणि अर्जात पेटंटच्या जागी एक रकाना असावा: तुम्हाला वाटले होते तसे निघाले नाही, तर ते कोणाला आणि कसे कळवाल? बंद कूलरमध्ये काहीच सापडले नाही, हेही आम्हाला हवे आहे. तेवढ्याने एका वॉर्डातल्या माणसांचा कूलर तपासण्यात जाणारा वेळ वाचेल आणि ती हौदांकडे वळतील.

आमच्या मंडळाकडे व्याख्यानमालेचा निधी आहे. येत्या बैठकीत मी त्यातले एक व्याख्यान कमी करून पहिले अनुदान देण्याचा ठराव मांडणार आहे, आणि पहिला प्रश्न म्हणून त्या मुलीचा कूलरचा प्रश्न सुचवणार आहे. तिला मी फोनही केला आहे. ती म्हणाली, मॅडम, टॉर्च अजून माझ्याकडेच आहे.